वकीलबाईंना विचारा : आरोपीची बाजू, बहिणीचा वाटा आणि अडकलेली फाइल

या महिन्यात आलेली बरीच पत्रं कायद्यापेक्षा वकिलांबद्दलच आहेत. कुणाचा राग आहे, कुणाची भीती, कुणाला नुसतीच शंका. त्यातली चार-पाच निवडली आहेत. नावं छापत नाही, गावं तेवढी ठेवली आहेत.

प्रश्न : माझी नात बारावीनंतर पाच वर्षांच्या लॉच्या कोर्सला जायचं म्हणते. घरात सगळ्यांचा विरोध आहे. माझा मुलगा म्हणतो, चोराला सोडवून आणायचं आणि वर त्याचे पैसे घ्यायचे, हा धंदा आपल्या घरात नको. मी आयुष्यभर वर्गात ‘खरं बोला’ हेच शिकवलं. माणसाने गुन्हा केलाय हे ठाऊक असताना त्याच्या बाजूने उभं राहताना तुम्हाला काय वाटतं? रागावू नका. (निवृत्त शिक्षक, तासगाव)

उत्तर : गुरुजी, रागवायचं काय त्यात. हा प्रश्न मला लग्नघरात विचारतात, एसटीत विचारतात. मी दर वेळी उत्तर देते, कारण विचारणाऱ्याला खरंच कोडं पडलेलं असतं.

आधी एक गैरसमज काढते. वकिलाला खोटं बोलायची मुभा नाही. अशिलाने मला दार लावून सांगितलं, ‘मॅडम, मीच केलं’, तर ते मी बाहेर बोलू शकत नाही, कायद्यानेच माझं तोंड बांधलेलं आहे. पण त्यानंतर ‘हा त्या दिवशी गावातच नव्हता’ असं सांगणारा साक्षीदार उभा करायलाही मला बंदी आहे. मग माझ्या हातात उरतं काय? पोलिसांनी आणलेला पुरावा पुरा पडतो की नाही, हे तपासणं. गुन्हा शाबीत करायचं ओझं सरकारवर असतं, आणि दोषी कोण हे ठरवायचं काम न्यायाधीशांचं. ते मीच परस्पर ठरवून मोकळी झाले, तर मग कोर्ट कशाला हवं?

माझ्याकडे मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा समितीतर्फे एक केस आली होती. ऊसतोड कामगाराचा पोरगा, विहिरीवरची पाण्याची मोटर चोरल्याचा आरोप. जामीन मंजूर झालेला, पण जामीनदार राहणार कोण? आईबाप कारखान्याच्या पट्ट्यात टोळीबरोबर फिरतीवर. म्हणून पोरगा आतच. पंचनाम्यात लिहिलं होतं की आरोपीने स्वतः कोपीमागच्या, म्हणजे त्यांच्या झोपडीमागच्या, पाचटातून मोटर काढून दिली. पंच, म्हणजे पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून सही करणारा माणूस, साक्षीला आला. सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तर देताना, त्याने सगळं घडाघडा सांगितलं. उलटतपासात मी एवढंच विचारलं, कोपी रस्त्याच्या कोणत्या हाताला होती? त्याला सांगता येईना. तुम्ही तिथं गेला होता का? गप्प. शेवटी त्याने कबूल केलं की त्याचा चहाचा गाडा ठाण्यासमोर आहे, बोलावलं की जातो, कागद पुढे केला की सही करतो. आणखी कुठल्या केसमध्ये पंच होता, विचारलं, तर त्याला आकडाही आठवेना. पोरगा सुटला.

त्याने मोटर चोरली होती का? मला माहीत नाही. पण त्या पंचनाम्यावर कुणालाही शिक्षा होता कामा नये, याबद्दल माझ्या मनात जराही किंतु नाही. उद्या तोच चहावाला तुमच्या-माझ्या घरच्या माणसाविरुद्ध तशीच सही करेल.

तुमच्या चिरंजीवांना मोठं उदाहरण हवं असेल, तर बाबासाहेबांचं सांगा. १९२६ साली केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर आणि त्यांचे सहकारी एका पुस्तिकेवरून अब्रुनुकसानीच्या खटल्यात अडकले होते. पुस्तिका टिळक-चिपळूणकरांवर तुटून पडणारी आणि खटला पुण्यात. त्या दिवसांत ही बाजू घेणं म्हणजे अर्ध्या शहराचा रोष ओढवून घेणं. खालच्या कोर्टात शिक्षा झाली होती. अपिलात बाबासाहेब उभे राहिले आणि आरोपी सुटले. १९३४ साली ते र. धों. कर्व्यांसाठी उभे राहिले. कर्व्यांचा गुन्हा काय, तर मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरं. हे सदर लिहिताना मला ते नेहमी आठवतं. तो खटला बाबासाहेब हरले, कर्व्यांना दंड झाला. पण कर्व्यांना वकील मिळाला, तोही त्या तोलाचा, याला माझ्या लेखी फार किंमत आहे.

आणि सगळ्यात अवघड उदाहरण मुंबईचंच आहे. २६ नोव्हेंबर २००८ नंतर कसाबचं वकीलपत्र कुणी घेऊ नये असं वकिलांमधलेच कित्येक म्हणत होते. लोकांचा राग रास्त होता, माझाही होता. पण त्याच खटल्यात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोन भारतीयही आरोपी होते. फहीमने काढलेला नकाशा मेलेल्या अतिरेक्याच्या खिशात सापडला, असं पोलिसांचं म्हणणं. कपडे रक्ताने भिजलेले आणि नकाशा कोरा करकरीत, हे बचाव पक्षाने कोर्टापुढे आणलं. मे २०१० मध्ये कसाबला दोषी धरणाऱ्या त्याच न्यायाधीशांनी या दोघांना सोडलं. पुढे हायकोर्टाने आणि ऑगस्ट २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ती सुटका कायम केली. फहीमचे वकील शाहिद आझमी मात्र निकाल ऐकायला नव्हते. फेब्रुवारी २०१० मध्ये कुर्ल्यात, त्यांच्या ऑफिसात त्यांना गोळ्या घातल्या होत्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तामिळनाडूतल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्वच्छ सांगितलं की ‘अमक्याचं वकीलपत्र घ्यायचं नाही’ असा कोणत्याही बार असोसिएशनचा, म्हणजे वकील संघटनेचा, ठराव बेकायदा आहे.

नातीला जाऊ द्या, गुरुजी. पण आधी तिला एक दिवस तालुक्याच्या कोर्टात मागच्या बाकावर बसवा. कोर्ट सगळ्यांना खुलं असतं, पास लागत नाही. पुकारा कसा होतो, पक्षकार कसे ताटकळतात, ज्युनियर वकील दिवसभर कुणाच्या फायली उचलतात, तिला बघू दे. पहिली काही वर्षं हातात फारसे पैसे येत नाहीत, हेही तिला आत्ताच कळलेलं बरं.

प्रश्न : वडील २०११ मध्ये वारले. जमीन वडिलोपार्जित आहे. मी एकटी बहीण, दोन भाऊ. वारस नोंदीत माझं नाव लागलं. आता भाऊ म्हणतात, हक्कसोडपत्रावर सही कर. तुझ्या लग्नात खर्च केला, दिवाळीला साडी देतो, आणखी काय हवं? आई मध्ये पडत नाही. कोर्टात गेले तर माहेर तुटेल. माझे यजमानही म्हणतात, वकिलाच्या नादी लागू नकोस. (एक भगिनी, फलटण तालुका)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही कोर्टात जायच्या भीतीने लिहिलंय, पण तुम्हाला कोर्टात जायचीच गरज नाही. सही करायची नाही, बस्स. तुमचं नाव सातबाऱ्यावर लागलेलं आहे आणि तुमच्या सहीशिवाय ते निघत नाही. सही नाकारण्यासाठी वकील लागत नाही, दावा लागत नाही, कारणही द्यावं लागत नाही.

कायदा तुमच्या बाजूने स्पष्ट आहे. आपल्या राज्याने १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क देणारी दुरुस्ती केली होती, पण ती त्यानंतर लग्न झालेल्या मुलींपुरती. २००५ साली केंद्राने ती अट न ठेवता सगळ्याच मुलींना मुलांइतका हक्क दिला. ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा हक्क जन्माने येतो, २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते याला महत्त्व नाही. डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर, नोंदणीकृत वाटप होऊन गेलं असेल तर गोष्ट वेगळी, पण तुमच्या पत्रावरून तसं दिसत नाही. लग्नाच्या खर्चाने वाटा कमी होत नाही. साडीनेही नाही. आणि आईचाही त्यात वाटा आहे, हे त्यांना कुणी सांगितलंय का?

भावांनी स्टॅम्प पेपरवर लिहून, नोटरी करून आणलं तरी जमिनीचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय चालत नाही. म्हणून ‘जरा तालुक्याला चल, एक काम आहे’ असं कुणी म्हणालं, तर काम कसलं ते घरीच विचारा. तलाठ्याकडून फेरफाराची नोटीस आली तर ती बाजूला टाकू नका. हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात, साध्या अर्जावर हरकत घेता येते, अर्जाची पोच मात्र घ्या.

तुम्हाला वाटा सोडायचाच असेल, मनापासून, तर तोही तुमचा अधिकार आहे. मी पाहिलंय, काही बहिणी आनंदाने सोडतात आणि माहेरपण टिकतं. पण रजिस्ट्रार ऑफिसच्या बाकावर बसून पदराआड रडणाऱ्या बायकाही मी पाहिल्यात. एकीला मी विचारलं होतं, कागदात काय लिहिलंय माहीत आहे का? ती म्हणाली, दादाने वाचलंय. सही तिची आणि वाचलं दादाने. तसं करू नका. सहीआधी तो कागद भावांनी आणलेल्या वकिलाऐवजी दुसऱ्या वकिलाकडून वाचून घ्या. फीची अडचण असेल तर तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती हे न बघता. १५१०० या नंबरवर फोन केलात तरी माहिती मिळेल. पुढे वाद वाढलाच, तर दाव्याआधी मध्यस्थीचा अर्जही तिथूनच करता येतो. भाऊ समोर बसतात, तिसरं माणूस मध्ये असतं, आणि गावासमोर काही होत नाही.

माहेर तुटायचं म्हणाल, तर वाटा मागितला म्हणून जे तुटतं ते सही केल्यावर तरी किती टिकेल, याचा विचार तुम्हीच करा. मी तुमच्या घरात नाही.

प्रश्न : बांधाचा दावा किती वर्षं चाललाय विचारू नका. वकीलसाहेब दर तारखेला पैसे घेतात आणि ‘पुढची तारीख पडली’ एवढंच सांगतात. काय झालं विचारलं तर ‘तुम्हाला कळणार नाही’ म्हणतात. वकील बदलायचा म्हटलं तर ‘आधी बाकी द्या, मग फाइल’ म्हणतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते खरंच आहे. (शेतकरी, बार्शी)

उत्तर : दादा, ती म्हण ज्यांनी पाडली त्यांनी सोसलेलं होतं, म्हणून मी तिला खोटं म्हणणार नाही. पण ‘तुम्हाला कळणार नाही’ हे वाक्य कुठल्याही वकिलाने पक्षकाराला बोलू नये. आमच्या पेशाची पत जेवढी या वाक्याने गेली, तेवढी हरलेल्या दाव्यांनी गेली नसेल.

तुमच्या दाव्यात काय झालं ते तुम्हीच वाचू शकता. प्रत्येक केसला सोळा अक्षर-आकड्यांचा एक सीएनआर नंबर असतो. ई-कोर्ट्सचं ॲप मुलाच्या मोबाइलवर घ्या, नंबर टाका. कोणती तारीख कशासाठी नेमली होती ते दिसेल. त्याहून महत्त्वाचा असतो तो रोजनामा. प्रत्येक तारखेला काय घडलं याची कोर्टाने ठेवलेली ती नोंद. ‘प्रतिवादी गैरहजर’, ‘वादीतर्फे मुदत अर्ज, मंजूर’, ‘साहेब रजेवर’, सगळं त्यात असतं. त्याची नक्कलही अर्ज करून मिळते. शांतपणे बसून एका बाजूला तारीख आणि दुसऱ्या बाजूला मुदत कुणी मागितली, असं लिहून काढा. समोरच्यानेच वेळ काढलाय, समन्सच बजावलं गेलं नाही, की आपल्याच वकिलाने मुदती मागितल्या, ते तासाभरात कळेल. कायद्याप्रमाणे सुनावणी सुरू असताना एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी द्यायच्या नसतात. प्रत्यक्षात दिल्या जातात. बोर्डावर केसेसचा ढीग असतो, न्यायाधीशांच्या जागा रिकाम्या असतात, हेही खरं आहे. त्यातला दोष वकिलाचा किती, हे रोजनामा सांगेल.

आता फाइल. फी बाकी आहे म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. २००० साली सुप्रीम कोर्टाने हे ठरवून दिलंय. फी बाकी असेल तर त्याने वसुलीचा वेगळा मार्ग धरावा. लेखी मागा, स्पीड पोस्टाने, शांत भाषेत. नवा वकील जुन्याची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, मागेल. ती मिळाली नाही तर कोर्टाच्या परवानगीने वकीलपत्र बदलता येतं. तरीही ऐकलं नाही, तर ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ च्या कलम ३५ खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. ग्राहक मंचाचा रस्ता मे २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने बंद झालाय, तिकडे पैसे घालवू नका.

एक जादा सांगते, कारण तुमच्या भागात भूसंपादन चालू आहे. मोबदल्यात टक्का ठरवून फी घ्यायला वकिलाला मनाई आहे. ‘जिंकलो तर इतके टक्के’ असा करार कुणी पुढे केला तर सही करू नका. फी सुरुवातीलाच ठरवा, लिहून घ्या, आणि रोख देण्यापेक्षा फोनवरून पाठवा, म्हणजे नोंद राहते.

हे सगळं करण्याआधी मात्र रोजनामा हातात घेऊन एकदा वकीलसाहेबांसमोर बसा. माझा अनुभव असा की पक्षकार वाचून आलाय हे दिसलं की निम्म्या वेळा बोलणं बदलतं.

प्रश्न : मे महिन्यातही वकील काळा कोट का घालतात? बघूनच घाम फुटतो. (विद्यार्थी, जळगाव)

उत्तर : सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्ट सोडून इतर कोर्टांत उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही, बार कौन्सिलच्या नियमातच तशी सूट आहे. गळ्यातले पांढरे बँड मात्र लागतात. तरी बरेच जण कोट घालतात, कारण कोट नसेल तर पक्षकाराला आपला वकील गर्दीत सापडत नाही. जळगावच्या उन्हात मी तरी घालणार नाही.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी रस्त्यात मोटरसायकलचा अपघात बघितला. जखमीला रिक्षात घालून ग्रामीण रुग्णालयात नेलं, पोलिसांना जबाब दिला. आता कोर्टाचं समन्स आलंय. बायको म्हणते, नसती आफत घेतलीत. समोरचा वकील फाडून खाईल, आपल्यालाच आरोपी करतील, असं शेजारीही सांगतात. नाही गेलो तर चालेल का? (दुकानदार, संगमनेर)

उत्तर : नाही चालणार, भाऊ. समन्स टाळलं तर पुढे वॉरंट निघतं, आणि मग खरोखरच पोलीस दारात येतात. पण आधी तुम्ही केलंत त्याबद्दल बोलू. तो माणूस तुमच्यामुळे वेळेत दवाखान्यात पोहोचला. आपल्याकडे लोक जखमीभोवती गोल करून उभे राहतात आणि हात लावत नाहीत, ते कोर्टाच्या भीतीनेच. म्हणून २०१९ साली मोटर वाहन कायद्यात कलम १३४-अ घालून मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं. मदत करणाऱ्याने नाव सांगायलाही हवं असं नाही. तुम्ही आपणहून जबाब दिलात, म्हणून साक्षीला बोलावलंय. साक्षीदाराला कुणी आरोपी करत नाही.

समोरच्या वकिलाचं म्हणाल, तर मीही कित्येकदा तो समोरचा वकील असते. उलटतपासात मी साक्षीदाराला विचारते, तुम्ही किती अंतरावर होता, ऊन डोळ्यांवर होतं का, गाडीचा वेग कशावरून सांगता? त्यात तुमचा अपमान नसतो. एखाद्या ड्रायव्हरची शिक्षा तुमच्या डोळ्यांवर अवलंबून असते, म्हणून ते विचारावं लागतं. जो साक्षीदार ‘आठवत नाही’ म्हणायला लाजत नाही, त्याच्या साक्षीला सहसा तडा जात नाही. अडकतो तो, जो सगळंच पाहिल्यासारखं बोलायला जातो. वेग सांगता येत नसेल तर ‘जोरात होती’ एवढंच म्हणा, ऐंशी-नव्वद असा आकडा देऊ नका.

घाबरून आदल्या रात्री जागू नका. कोर्टात अकराच्या आधी पोहोचा आणि सरकारी वकिलांना भेटा. तुमचा पोलिसांपुढचा जबाब त्यांच्याकडे असतो, आठवण ताजी करायला वाचायला मागा. त्यात पोलिसांनी तुम्ही न सांगितलेलं काही घातलं असेल, तर ‘हे मी सांगितलं नव्हतं’ असं साक्षीत बिनधास्त सांगा. साक्ष मराठीत द्या. १९९८ पासून आपल्या तालुका आणि जिल्हा कोर्टांची भाषा मराठीच आहे. प्रश्न कळला नाही तर न्यायाधीशांकडे बघून ‘साहेब, प्रश्न कळला नाही’ म्हणा, ते वकिलाला पुन्हा विचारायला लावतात. साक्ष टाइप होऊन आली की सहीआधी पूर्ण वाचा, चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. येण्याजाण्याचा भत्ता मिळतो, तो सरकारी वकिलांकडे विचारा. समन्सची प्रत आणि आधार कार्ड सोबत ठेवा. आणि वहिनींना बरोबर घेऊन गेलात तरी चालेल, मागच्या बाकावर बसून त्यांनाही सगळं बघता येईल.